दहा हजार मीटर धावून विस्थापन शून्य

नववीच्या विज्ञानात अंतर आणि विस्थापन यांच्या व्याख्या दोन ओळींत उरकतात. गैरसमज मात्र पुढे वर्षानुवर्षे टिकतात. त्यातला सगळ्यात चिवट म्हणजे 'विस्थापन शून्य, म्हणजे वस्तू हललीच नाही'. १०,००० मीटरच्या शर्यतीत धावपटू ४०० मीटरच्या ट्रॅकला २५ फेऱ्या मारतो आणि सुटला त्याच रेषेवर पोचतो. घामाघूम होऊन कापलेलं अंतर १० किलोमीटर, विस्थापन शून्य. वाट कशी होती याच्याशी विस्थापनाला देणंघेणं नाही. सुरुवातीच्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंतची सरळ रेघ किती लांब आणि कोणत्या दिशेला, एवढंच ते पाहतं.

'जास्त धावलं की विस्थापन जास्त' हेही तसंच. ५,००० मीटरची शर्यत साडेबारा फेऱ्यांची, त्यामुळे ती २०० मीटरच्या शर्यतीसारखी ट्रॅकच्या तिरक्या टोकाकडून सुटते. तिथून अंतिम रेषेपर्यंत सरळ मोजलं तर जेमतेम ११२ मीटर भरतात. सर्वांत आतल्या लेनमधून २०० मीटर धावणाऱ्याचं विस्थापनही तेवढंच!

सरळ रेषेत गेलं की दोन्ही समान? १०० मीटर धावताना, हो. पण ५० मीटरच्या तलावात १०० मीटर पोहणारा सरळच जातो, फक्त भिंतीला हात लावून उलटा फिरतो, आणि विस्थापन शून्यावर येतं. विस्थापन अंतरापेक्षा मोठं मात्र कधीच नसतं. तसं उत्तर आलं तर गणित तपासावं.

हा भेद परीक्षेपुरताच, असं वाटणाऱ्यांनी बोस्टन मॅरेथॉन पाहावी. २०११ मध्ये केनियाच्या जेफ्री मुताईनं तिथे ४२.१९५ किलोमीटर २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पार केले. त्याआधी इतक्या कमी वेळात मॅरेथॉन कोणीही धावलं नव्हतं. तरी तो जागतिक विक्रम ठरला नाही. नियमानुसार, सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही. बोस्टनचा मार्ग हॉपकिंटन गावाहून जवळपास एकाच दिशेनं शहरात येतो, म्हणजे विस्थापन भलतंच मोठं. वारा पाठीमागून असला तर तो शेवटपर्यंत ढकलत राहतो, आणि त्या दिवशी तसाच होता. गोल मार्गावर तोच वारा परतीला तोंडावर येतो. शिवाय बोस्टनचा उतारही नियमाबाहेरचा. त्यामुळे ५७ सेकंदांनी मागे पडूनही हैले गेब्रसेलासीचा २००८ चा बर्लिनमधला विक्रमच तेव्हा कायम राहिला.