आठवड्याच्या हप्त्यापासून विकत घेतलेल्या नावांपर्यंत

अमेरिकेत अंत्यविधीच्या खर्चापुरता विमा विकायला निघालेल्या नव्या एजंटापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो: गिऱ्हाईक आणायचं कुठून? ‘फायनल एक्स्पेन्स’ म्हणतात तो हा विमा लहान रकमेचा असतो, बहुधा पाच ते पंचवीस हजार डॉलरचा. वैद्यकीय तपासणी नसते, तब्येतीबद्दल थोडे प्रश्न विचारतात. घेणारा पन्नाशी-साठी उलटलेला असतो आणि पुष्कळदा सरकारी पेन्शनवरच जगत असतो. आपल्याकडचा एलआयसीचा एजंट मामा-मावशीपासून सुरुवात करतो, मग सोसायटीतले, मग ऑफिसातले. न्यू जर्सीत मी हे काम करतो, पण इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखींचा मला या कामात फारसा उपयोग नाही. त्यांची गरज वेगळी, त्यांचा विमाही वेगळा. माझं गिऱ्हाईक परक्या गल्लीत राहतं. त्या गल्लीत एजंट पहिल्यांदा कसा शिरला, हे समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं, आणि योगायोगाने ते गाव माझ्या जवळचंच आहे, नेवार्क.

१८७५ साली जॉन ड्रायडन यांनी नेवार्कमध्ये एका बँकेच्या तळघरात ‘प्रुडेन्शियल फ्रेंडली सोसायटी’ सुरू केली. नाव आणि कल्पना दोन्ही लंडनच्या प्रुडेन्शियलवरून घेतलेली. त्या कंपनीने १८५४ पासूनच कामगारांच्या घरी जाऊन दर आठवड्याला पेनी-पेनी गोळा करायला सुरुवात केली होती. नेवार्कमध्ये हप्ता आठवड्याला तीन सेंटांपासून होता. गिरणी-कारखान्यातल्या माणसाला बायकामुलांच्या भविष्याची तरतूद परवडणारी नव्हतीच, त्याला धास्ती होती ती बेवारशी पुरलं जाण्याची. जवळच न्यूयॉर्कला हार्ट बेटावर १८६९ पासून ज्यांना कोणी नाही किंवा ज्यांच्या घरी पैसा नाही, अशांना सामाईक खड्ड्यांत पुरत होते. आपल्या माणसाच्या वाट्याला हे येऊ नये एवढ्याचसाठी लोक तीन सेंट बाजूला काढत. १८७९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या धंद्यात उतरली तेव्हा तिने थेट इंग्लंडहून अनुभवी एजंट आणले, आणि वर्षभरात तिच्या अशा पॉलिस्या दिवसाला सातशेच्या घरात गेल्या.

या एजंटांना गिऱ्हाईक कसं मिळे, ते बघण्यासारखं आहे. प्रत्येकाला ठरावीक गल्ल्या नेमून दिलेल्या असत. त्या गल्ल्यांच्या वसुलीला ‘डेबिट’ म्हणत आणि नव्या माणसाला आधीच्या एजंटाचं डेबिट आयतं मिळे. हातात एक जाड वही, तीत घरोघरची नावं, कोणाचे पाच सेंट, कोणाचे दहा. घरच्या बाईकडे वेगळं पावतीपुस्तक असे, त्यात तो आठवड्याची नोंद करून सही करी. फेरीचा दिवस पगाराच्या दिवसाशी जुळवलेला, नाहीतर पैसा किराण्यात आणि दारूत गेलाच म्हणायचा. दर आठवड्याला त्याच जिन्याने वर जाणाऱ्या माणसाला कोणाकडे पाळणा हलला, कोण नवीन भाडेकरू आला, कोणाचं लग्न ठरलं हे विचारावं लागत नसे. नवं गिऱ्हाईक शोधणं असं वेगळं कामच नव्हतं. ते वसुलीतच होऊन जाई. बंद पडलेल्या पॉलिसीचा भुर्दंड मात्र एजंटाच्या कमिशनवर पडे, त्यामुळे नुसतं विकून मोकळं होण्यात त्याचाच तोटा होता.

या व्यवस्थेचं मला कौतुक आहे, पण तिच्यात अन्यायही फार होता. दारोदारच्या वसुलीचा सगळा खर्च गरिबाच्याच हप्त्यातून निघे. हप्ते चुकून कितीतरी पॉलिस्या मध्येच बंद पडत आणि भरलेलं सारं पाण्यात जाई. लुई ब्रँडाइस यांनी याच मुद्द्यावर झोड उठवली आणि १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बचत बँकांतून स्वस्त विमा विकण्याचा कायदा करवून घेतला. त्याहून मोठा अन्याय रंगाचा. १८८१ मध्ये प्रुडेन्शियलने ठरवलं की काळ्या माणसाने तोच हप्ता भरला तरी त्याच्या वारसांना एक तृतीयांश रक्कम कमी मिळेल.

त्या अन्यायातूनच या धंद्यातला मला सगळ्यात शिकण्याजोगा वाटणारा प्रसंग घडला. नॉर्थ कॅरोलायनात डरम इथे जॉन मेरिक या गृहस्थांची केशकर्तनालयं होती. जन्म गुलामीतला. त्यांनी डॉ. अ‍ॅरन मूर आणि इतरांना घेऊन १८९८ मध्ये काळ्या लोकांची विमा कंपनी काढली, तीच पुढे नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल म्हणून प्रसिद्ध झाली. सी. सी. स्पॉल्डिंग हे तिचे धडाडीचे व्यवस्थापक. सुरुवातीलाच चाळीस डॉलरचा क्लेम आला आणि तिजोरीत तेवढेही पैसे नव्हते. तिघांनी खिशातून भर घालून तो चुकता केला. स्पॉल्डिंग मग क्लेमची पावती घेऊन लोकांना दाखवत फिरले. वृद्ध बाईला विम्याचे फायदे समजावून सांगत बसण्यापेक्षा तिच्यासारख्याच कोणाला पैसे मिळाल्याचा कागद तिच्या हातात देणं हजारपट बोलकं होतं. अटलांटात अलोन्झो हर्नडन, तेही गुलामीत जन्मलेले आणि केशकर्तनालयांचे मालक, यांनी १९०५ मध्ये चर्चच्या छोट्या दफन-मंडळ्या विकत घेऊन ‘अटलांटा लाइफ’ उभी केली. तिथे गिऱ्हाईक आधीच एकत्र बसलेलं होतं, दर रविवारी.

मेट्रोपॉलिटननेही १९०९ मध्ये लिलियन वॉल्ड आणि ली फ्रँकेल यांच्या पुढाकाराने पॉलिसीधारकांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली, ती सेवा १९५३ पर्यंत चालली. आजारी माणसाच्या घरी नर्स पोचवायचा निरोप अनेकदा वसुलीच्या एजंटामार्फतच जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळं ओसरत गेलं. पगार चेकने येऊ लागले, कारखान्यातच सामूहिक विमा मिळू लागला, कुटुंबं उपनगरांत पांगली. वसुलीची फेरी परवडेना. विमा राहिला, पण दर आठवड्याला येणारा माणूस गेला. तो गेल्यावर त्याच्या डोक्यात आपोआप जमणारी माहिती बाजारातून विकत घ्यायची वेळ आली, आणि तिला नाव पडलं ‘लीड’.

पहिली लीड टपालाने यायची, अजूनही येते. पोस्टकार्डाएवढा कागद, तिकीट लावायची गरज नाही. वर ठळक अक्षरांत असतं की सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन योजना, मृत्यूनंतर फक्त २५५ डॉलर देते. हे खरंच आहे. ती मर्यादा १९५४ पासून हललेली नाही, आणि आज हा पैसाही फक्त जोडीदाराला किंवा पात्र मुलाला मिळतो. दुसरीकडे, फ्यूनरल डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे अंत्यदर्शन आणि दफनासह अंत्यविधीचा मध्यम खर्च ८,३०० डॉलर होता. एवढी दोन वाक्यं पुरेशी आहेत. पण काही कार्डं सरकारी पत्रासारखी सजवली जात, लोक सरकारच काही देतंय समजून भरून पाठवत. सोशल सिक्युरिटीचं नाव असं फसवं वापरायला १९८८ च्या कायद्याने बंदी घातली. तरी कार्ड भरून पाठवलेली आजी एजंटाचा फोन आल्यावर अजूनही गोंधळते, आणि तिला हे सरकारी नाही असं पहिल्याच वाक्यात सांगणं मी सोडत नाही.

२००३ मध्ये विक्रीचे फोन नको असलेल्यांची ‘डू नॉट कॉल’ यादी आली, तेव्हा अनोळखी फोनचा रस्ता अरुंद झाला. मग फेसबुकच्या जाहिराती आल्या. त्यांवर भरलेला एकच फॉर्म चार-पाच एजंटांना विकला जाऊ लागला आणि म्हाताऱ्या माणसाचा फोन दुपारभर वाजत राहू लागला. ग्राहकाने प्रत्येक विक्रेत्याला वेगळी परवानगी द्यावी असा नियम केंद्रीय दळणवळण आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. माझ्या मते तो नियम राहायला हवा होता, आमच्यासाठीसुद्धा, कारण पाचव्या फोनला कोणीच धड बोलत नाही.

नवे एजंट पहिल्या काही महिन्यांतच धंदा सोडतात ते बहुधा याच चक्रात. लीडचा खर्च आधी, कमिशन आगाऊ मिळालेलं, आणि दोन-चार हप्त्यांनंतर पॉलिसी बंद पडली की ते कमिशन परत वसूल होतं. हप्ता कधी कापायचा हे मात्र आजही जुन्या एजंटासारखंच ठरवावं लागतं. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन बऱ्याच जणांना जन्मतारखेप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी मिळतं. हप्ता त्या बुधवारी लावला तर पॉलिसी टिकते, आठवडाभर पुढे गेला तर खात्यात काही उरलेलं नसतं. नवीन मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

आणि दुसरं, पॉलिसी विकली त्याच दिवशी वारसाला फोन लावायचा. आईने आपल्यासाठी काय केलंय, कागद कुठल्या कपाटात आहेत, क्लेमसाठी कोणाला फोन करायचा, हे मुलीला आईच्या समोर सांगायचं. मुलगी पंचावन्नची असते. पुढे क्लेमचा फॉर्म तिच्यासोबत बसून भरून द्यायचा, मृत्यूचा दाखला कुठून मिळतो ते सांगायचं, पैसे येईपर्यंत चौकशी करत राहायचं. माझी बरीचशी गिऱ्हाइकं आज अशाच मुली, सुना आणि त्यांच्या चर्चमधल्या मैत्रिणी आहेत. टपालाची कार्डं मी अजून मागवतो, पण पूर्वीपेक्षा कितीतरी कमी.