क्लासच्या मेथडचे मॉकिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादा क्लास ज्या दुसऱ्या क्लासवर अवलंबून असतो, त्याच्या मेथडच्या जागी टेस्टपुरती बनावट मेथड बसवणे म्हणजे मॉकिंग. समजा, ढाणकीतल्या (ता. उमरखेड) कापूस व्यापाऱ्यासाठी खरेदीच्या पावतीचा प्रोग्राम आहे. त्यातल्या ‘पावती’ क्लासची ‘रक्कम’ मेथड वजनाला भावाने गुणते. तो भाव ‘भावसेवा’ क्लासची ‘आजचा भाव’ मेथड इंटरनेटवरून आणते.

गैरसमज १: जितके जास्त मॉक, तितकी टेस्ट चांगली.
वस्तुस्थिती: मॉक करायची ती फक्त ‘आजचा भाव’. तिने क्विंटलला 7,000 रुपये सांगितले, तर साडेबारा क्विंटलची पावती 87,500 रुपयांची व्हायला हवी. ‘रक्कम’च मॉक केली, तर गुणाकार चुकला तरी टेस्ट पास होते.

गैरसमज २: स्टब आणि मॉक एकच.
वस्तुस्थिती: जेरार्ड मेझारोस यांनी 2007 च्या ‘एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स’ या पुस्तकात हा फरक मांडला. स्टब ठरलेले उत्तर देतो. मेथडला अपेक्षेप्रमाणे कॉल आला की नाही, हे मॉक तपासतो. रक्कम तपासायला स्टब पुरतो.

गैरसमज ३: पायथॉनमध्ये पॅच (खऱ्याच्या जागी बनावट बसवणे) कुठेही केला तरी चालतो.
वस्तुस्थिती: पावतीच्या मॉड्यूलने ‘भावसेवा’ हे नाव ‘फ्रॉम–इम्पोर्ट’ने आधीच आणले असेल, तर अख्खा क्लास बदलताना पॅच पावतीच्या मॉड्यूलमध्येच करावा लागतो. मूळ मॉड्यूलमध्ये केल्यास पावती खराच क्लास वापरत राहते. मात्र क्लासवरची नुसती मेथड बदलली, तर क्लास सगळीकडे तोच असल्याने बदल सर्वत्र लागू होतो.

गैरसमज ४: टेस्ट पास, म्हणजे खरी मेथडही चालणार.
वस्तुस्थिती: ‘आजचा भाव’ला उद्या जिल्ह्याचे नाव देणे सक्तीचे झाले, तरी साधा मॉक जुना कॉल निमूट स्वीकारतो. पायथॉनमधला ‘ऑटोस्पेक’ हा पर्याय वापरल्यास मॉकला मूळ मेथडची सिग्नेचर (पॅरामीटरची यादी) लागू होते आणि चुकीचा कॉल तिथेच अडतो. पण भाव क्विंटलऐवजी किलोचा येऊ लागला, तर ऑटोस्पेकलाही ते कळत नाही. त्यासाठी दोन्ही खरे क्लास एकत्र चालवणारी इंटिग्रेशन टेस्ट लागते.

गैरसमज ५: जावातली स्टॅटिक मेथड मॉकिटो या मॉकिंग लायब्ररीने मॉक करता येत नाही.
वस्तुस्थिती: मॉकिटो 3.4.0 (2020) पासून ही सोय आहे. असा मॉक त्याच थ्रेडपुरता चालतो आणि काम झाल्यावर बंद करावा लागतो. उघडा राहिल्यास पुढच्या टेस्ट बिघडतात. नव्या कोडमध्ये स्टॅटिक मेथडऐवजी ‘भावसेवा’चा ऑब्जेक्ट ‘पावती’च्या कन्स्ट्रक्टरमधून देणे जास्त सोयीचे, कारण मग टेस्टमध्ये त्या जागी स्टब सहज देता येतो.