शार्ल लोतचा अहवाल आणि आपले तारापूर

तारापूरच्या अणुवीज केंद्रावर मराठीत भरपूर लिहून झाले आहे. 210 मेगावॉटचे दोन संच, अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक, 1969 चा ऑक्टोबर हे सगळे वाचकांना ठाऊक आहे असे धरतो. माझे कुतूहल मात्र बरीच वर्षे एका वेगळ्याच माणसाभोवती घोटाळते आहे. शार्ल लोत त्याचे नाव. अणूशी त्याचा काही संबंध नव्हता. तो होता रंगांचा रसायनज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसाव्यात म्हणून वापरतात तो थायोनिन हा जांभळा रंग त्याने 1876 मध्ये तयार केला.

लोत मूळचा अल्सासचा. 1871 च्या फ्रान्सच्या पराभवात हा प्रांत जर्मनीकडे गेला आणि त्यासोबत म्युलूझ गेले. कापडछपाई, रंगांचे कारखाने आणि त्यांना माणसे पुरवणारी रसायनशाळा, सगळे एका फटक्यात. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनानंतर लोतने अहवाल लिहिला. अशा अहवालांत एरवी कौतुकाखेरीज काय असते? याने मात्र सरळ गाऱ्हाणे मांडले : फ्रान्सचे रसायन मागे पडते आहे, प्रयोगशाळेत हात काळे केलेली माणसे घडवणारी शाळा हवी. अखेर पदरचे पैसे घालून ती उभारली पॅरिस नगरपालिकेने, 1882 मध्ये. औद्योगिक भौतिकी व रसायनाची ही शाळा. प्रवेश निवडून, भर प्रयोगांवर.

फ्रान्समध्ये मान होता तो 1794 च्या एकोल पोलितेक्निकला. भौतिकशास्त्रज्ञ पिएर क्युरी तिथला नव्हता, एकोल नॉर्मालचाही नव्हता. म्हणून बड्या मंडळींनी त्याला बराच काळ दारातच उभे केले. नगरपालिकेच्या शाळेने त्याला 1882 मध्येच प्रयोगशाळाप्रमुख नेमले. त्याची पत्नी मारी हिला तिथेच आधी एक कोंदट कोठार मिळाले, मग अंगणापलीकडची शेड. पूर्वी तिथे वैद्यकीचे विद्यार्थी शवविच्छेदन करत. छत गळके, धूर बाहेर काढायची सोय नाही. विषारी वायूंचे काम अंगणात. एका वेळी वीसेक किलो माल कढईत, आणि तो ढवळायला जवळजवळ तिच्याच उंचीची लोखंडी कांब. डिसेंबर 1898 मध्ये रेडियम जाहीर झाले ते याच शाळेतून.

कढईतला माल कोणता? बोहेमियातल्या योआखिम्सथालच्या खाणीतल्या पिचब्लेंडचा उरलेला गाळ. काच रंगवण्यासाठी त्यातले युरेनियम काढून घेत आणि बाकीचे जंगलात टाकून देत. रंगाच्या धंद्याने टाकाऊ ठरवलेल्या गाळात रेडियम होते. तारापूरशेजारच्या बोईसरच्या माणसाने ही ओळ दोनदा वाचावी.

पुढची साखळी भराभर सांगतो. पिएर क्युरीचा विद्यार्थी पॉल लांजव्हँ पुढे याच शाळेचा संचालक झाला. त्याच्या शिफारशीने फ्रेदेरिक जोलिओ मारी क्युरीकडे गेला. तोही इथलाच, 1923 चा. जानेवारी 1950 मध्ये जोलिओ भारतात आला आणि आपल्या अणुऊर्जा आयोगाशी बोलला. एप्रिलमध्ये कम्युनिस्ट मतांपायी फ्रान्सने त्याला तिथल्या अणुऊर्जा आयोगाच्या पदावरून काढले, तरी 1951 मध्ये दोन्ही देशांचा करार झालाच. होमी भाभांनी 1957 मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा काढली. पदवीधर निवडून घ्यायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन घासूनपुसून तयार करायचे आणि थेट कामाला लावायचे. व्हीजेटीआयचे अनिल काकोडकर तिथूनच पुढे आले. अमेरिकेने तारापूरच्या इंधनाबाबत हात आखडता घेतला तेव्हा 1982 च्या करारानुसार ते पुरवले फ्रान्सने.

म्हणजे तारापूरच्या अणुकेंद्रामागे एक शाळा आहे. शेजारच्या एमआयडीसीमागे कोणती? रंग, रंगांची मध्यवर्ती रसायने, औषधांचा कच्चा माल हा इथला मुख्य धंदा, म्हणजे हुबेहूब लोतचाच विषय. मुंबईत 1933 मध्ये विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, आजची माटुंग्याची आयसीटी. तिथे के. वेंकटरामन यांनी रंगरसायनात जगन्मान्य काम केले. ती पुण्याई मुंबईची. आमच्या वाट्याला काय आले, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशात पहिला क्रमांक, 93.69 गुणांसह. सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते आणि मच्छीमार ओरडतात.

पालघर-बोईसरला आता अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, चांगली गोष्ट आहे. पण पदवी देणे वेगळे आणि इथल्याच गाळावर विद्यार्थ्याला दोन वर्षे बसवणे वेगळे. लोतच्या शाळेचा जोर दुसऱ्या गोष्टीवर होता, म्हणून मला ती पोलितेक्निकपेक्षा मोठी वाटते. पोलितेक्निकवाले रागावतील, रागावोत.

जिल्हा परिषद आणि कारखानदारांच्या संघटनेने मिळून एक प्रयोगशाळा काढावी. चिंचणी-दांडीची, जव्हार-विक्रमगडची पंचवीस मुले परीक्षा घेऊन निवडावीत, विद्यावेतन द्यावे आणि पहिला विषय द्यावा : सांडपाण्यात जाणाऱ्या मालातून काय काय परत मिळवता येते. पॅरिसला हे नगरपालिकेच्या खर्चाने जमले. इथे तर कारखाने दाराशी आहेत.