बीएलएस प्रशिक्षकाची घडण

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावरील वाडी हे गाव ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या गोदामांनी वेढलेले असून, अंबाझरीची आयुध निर्माणी आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत जवळच असल्याने तेथे चालक, हमाल व कामगार यांची सतत वर्दळ असते. अशा ठिकाणी एखाद्याचे हृदय अचानक बंद पडले, तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे शेजारच्या माणसाच्या हाती असतात. या मिनिटांत शुद्ध व श्वास तपासणे, मदत बोलावणे, छाती दाबणे, कृत्रिम श्वास देणे आणि उपलब्ध असल्यास एईडी, म्हणजे हृदयाची लय स्वतः ओळखून आवश्यक तेव्हाच विजेचा झटका देणारे यंत्र, लावणे, या उपायांना बेसिक लाइफ सपोर्ट किंवा बीएलएस म्हणतात.

1948 च्या कारखाना कायद्याने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी प्रमाणपत्रधारक व्यक्ती अशी तरतूद केली. त्या व्यक्तीला शिकवणारा कसा घडतो, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. नागपूरला तो नवा नाही, कारण आपत्तीतील बचावकार्य शिकवणारे प्रशिक्षक घडवणारे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय 1957 मध्ये याच शहरात सुरू झाले.

बंद छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण टिकवता येते, हे कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या संशोधकांनी 1960 मध्ये मांडले आणि त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेर्दाल यांनी सरावासाठी मानवाकृती पुतळा, म्हणजे मॅनिकिन, तयार केला. खेळण्यांच्या कारागिराने वैद्यकाला हे साधन द्यावे, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे, कारण बीएलएसच्या वर्गातील सगळा सराव आजही त्या पुतळ्याभोवतीच फिरतो.

प्रशिक्षक होण्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीत इच्छुकाकडे आधी स्वतःचे वैध बीएलएस प्रमाणपत्र असावे लागते. नंतर एखाद्या प्रशिक्षण केंद्राशी जोडले जाऊन तो प्रशिक्षक-अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि जाणत्या निरीक्षकासमोर वर्ग घेऊन दाखवतो. डॉक्टर असण्याची अट नाही. परिचारिका आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचारीही उत्तम प्रशिक्षक ठरतात.

खरी कसोटी लागते ती नजरेची. मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, प्रौढाची छाती किमान 5 सेंटिमीटर, पण 6 पेक्षा जास्त नाही, एवढी दाबायची, हे पाठ होते. मात्र दमलेला शिकाऊ प्रत्येक दाबानंतर तळहाताचा भार पूर्ण उचलत नाही, छातीवर रेलून राहतो आणि त्यामुळे हृदयात परत रक्त भरण्यास वाव मिळत नाही, ही चूक वरून उभे राहून दिसत नाही. त्यासाठी प्रशिक्षकाला पुतळ्याच्या बाजूला गुडघे टेकून, डोळे छातीच्या पातळीवर आणून, वाकलेली कोपरे व घसरलेले पंजे हेरावे लागतात, आणि दाब चालू असतानाच, शिकाऊला न थांबवता, 'हात सरळ', 'पूर्ण सोडा' असे दोन शब्दांत सांगावे लागते. स्वतः पुढे सरसावून करून दाखवण्याचा मोह आवरणे हा या शिक्षणातला अवघड धडा होय.

भारतीय तज्ज्ञांनी 2017 मध्ये सामान्य नागरिकांसाठी तोंडाने श्वास न देता केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धत सुचवली. गोदामातल्या हमालांसमोर उभा राहणारा प्रशिक्षक तीच शिकवतो, आणि परिचारिकांच्या वर्गात मात्र 30 दाबांमागे 2 श्वासांचे प्रमाण घोटवून घेतो.