एका कोंबावर उभं झाड

16 फेब्रुवारी 2021 च्या सकाळी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात पारा उणे 10 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला. पुढच्या काही दिवसांत टेक्सासभर घरोघरच्या अंगणांतले पाम तपकिरी पडले आणि लोकांनी करवती काढल्या. गंमत अशी, की त्यातले कित्येक पाम जिवंत होते! उलट, वर हिरवी पानं मिरवणारे काही आतून केव्हाच संपले होते. हे कसं काय?

आधी पानांचं पाहू. बर्फ सहसा पेशींच्या आत होत नाही, तो त्यांच्यामधल्या फटींत धरतो आणि तिथून पेशीतलं पाणी बाहेर ओढत राहतो. पेशी आक्रसते, तिचं पातळ आवरण निकामी होतं. म्हणजे कडाक्याच्या थंडीत पान मरतं ते चक्क तहानेनं!

पान गेलं तर दुसरं येईल, असं आपण आंब्या-पेरूच्या अनुभवावरून म्हणतो. त्यांच्या सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. तो खोड जाड करतो, जखमा भरून काढतो, नवे फुटवे देतो. पामकडे हा थरच नाही. कोकणात माडावर चढण्यासाठी बुंध्याला पाडलेल्या खाचा पाहा. माड आणखी कितीही वर्षं उभा राहू दे, त्या भरून येत नाहीत. नवं लाकूड येणार कुठून? पाणी वर नेणाऱ्या ज्या नळ्या खोडात एकदा तयार झाल्या, त्यांवरच जन्म काढायचा. त्यांच्या आजूबाजूच्या पेशीही झाडाबरोबरच म्हाताऱ्या होतात. शंभर वर्षांच्या पामच्या बुडाशी शंभर वर्षांच्या जिवंत पेशी असतात! थंडीत खोडाचा आतला भाग मेला, तर तो कायमचा गेला. असा पाम एकदा सावरूनही काही वर्षांनी कोलमडू शकतो.

आणि वाढ? बहुतेक एकखोडी पामांत ती फक्त शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. तो मेला की झाड मेलं, बाकी सगळं धडधाकट असलं तरी. पण कोंब काही उघड्यावर नसतो. कोबीच्या गड्ड्यासारखे पानांचे एकावर एक पदर त्याला लपेटून असतात. बाहेरची पानं करपतात आणि आतला कोंब वाचतो, तो या पांघरुणामुळे.

तो वाचलाय हे ओळखायचं कसं? शेंड्याच्या मधोमध भाल्यासारखं उभं, अजून न उघडलेलं पान असतं. ते हलकेच ओढून बघायचं. घट्ट असेल तर उत्तम. सहज उपसून हातात आलं आणि बुडाशी कुजका वास आला, तर सड आत शिरली आहे. तरीही लगेच हात टेकू नका! खाली कोंब जिवंत असू शकतो. कुजलेला भाग काढायचा, पाणी साचू द्यायचं नाही आणि शेंड्यात तांबंयुक्त औषध फवारायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. तांबंच का? जखमी भागावर बुरशी आणि जिवाणू दोघंही तुटून पडतात, आणि पुष्कळशी बुरशीनाशकं जिवाणूंना काहीच करत नाहीत. तांबं दोघांनाही आवरतं. आपल्याकडे सुपारीच्या कोळे रोगावर फवारतात ते बोर्डो मिश्रणही तांब्याचंच. मात्र जास्त तांबं झाडालाही बाधतं, तेव्हा दोन फवारण्या पुरेत.

सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न करणं. करपलेलं पान कितीही डोळ्यांत खुपलं तरी त्याचा हिरवा तुकडा अजून अन्न बनवत असतो, आणि वाळलेली झावळही पुढच्या थंडीत कोंबावर पांघरूण घालते. थंडीचे दिवस सरेपर्यंत करवत बाजूलाच बरी. खत तर ऊब आल्यावरच.

मग उन्हाळ्यात नवी पानं येतात, ती वेडीवाकडी, टोकाला करपलेली, आखूड. घाबरू नका, ही फार सुंदर गोष्ट आहे. पामची पानं उघडण्याच्या कितीतरी आधी कोंबात घडत असतात. नारळात तर या प्रवासाला सुमारे अडीच वर्षं लागतात. थंडी आली त्या रात्री जे पान कोंबात जितकं घडलं होतं, तितक्याच भागावर तिची खूण उमटते. पुढची पानं हळूहळू नितळ येत जातात.

अर्थात 2021 च्या त्या थंडीत सगळ्या पामांचं नशीब सारखं नव्हतं. टेक्सासच्या दक्षिण टोकाचा मूळ रहिवासी असलेला सबाल पाम बहुतेक ठिकाणी तगला. मेक्सिकोकडचा उंच, सडपातळ वॉशिंग्टोनिया रोबस्टा आणि शोभेचा क्वीन पाम मात्र मोठ्या संख्येनं गेले.

टेक्सासात किंवा फ्लोरिडात तुमच्या अंगणात पाम असेल आणि पुढच्या थंडीनं तो करपला, तर तोडणाऱ्याला बोलावण्याआधी निदान जुलै उजाडू द्या.