शिवाजी रोड की टिळक रोड?

पुण्यात स्वारगेटला रिक्षात बसून "शिवाजीनगर" म्हटलं, की मुरलेला चालक मीटर टाकायच्या आधी विचारतो, "स्टेशन की एसटी?" 2019च्या अखेरीस शिवाजीनगरचं एसटी स्थानक वाकडेवाडीला गेलं, लोकांच्या तोंडी नाव मात्र जुनंच राहिलं. "एसटी" म्हटलं, की पुढचा प्रश्न तो मनातल्या मनात सोडवतो: आज वार कोणता?

सरळ वाट शिवाजी रोडची. उत्तरेकडे एकेरी, मंडईवरून, दगडूशेठ गणपतीच्या दारातून शनिवारवाड्याकडे. परतीला बाजीराव रोड. एवढं नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण मंगळवारी, त्यातही संकष्टी आली तर, संध्याकाळी दगडूशेठसमोर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. "अंगारकी आहे दादा, टिळक रोडने काढतो," एवढंच सांगून आमच्या चालककाकांनी रिक्षा वळवली. अलका टॉकीज चौक, लकडी पूल, गुडलक चौक, मग फर्ग्युसन रोड. समोर अडकवलेला मोबाइल शिवाजी रोडच सुचवत होता. गर्दी साचली की नकाशा लाल होतो. काकांना ती पंचांगावरून आदल्या दिवशीच कळलेली असते. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांची झुंबड, दिवाळीआधी लक्ष्मी रोड. गणपतीत तर पेठांचा नादच सोडायचा. मात्र कुठे अपघात झालाय, कुठे रातोरात रस्ता खणलाय, हे पंचांगात नसतं. तेव्हा काकाही निमूट मोबाइलकडे बघतात.

लांबून नेलं की मीटर फुगवायला, असा प्रवाशाचा संशय. कधीकधी तो खराही असतो! पण हिशेब बघा. 1 सप्टेंबर 2022च्या दरवाढीत पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये झाले आणि पुढे किलोमीटरमागे 17. म्हणजे चाक फिरलं तर कमाई. खोळंब्याचे थोडे मिळतात, पण तेवढ्यात सीएनजी जळतो आणि पुढचं भाडं हातचं जातं. वाकडेवाडीला तर नाशिक-मराठवाड्याकडून उतरलेली माणसं बॅगा घेऊन उभीच असतात. तिथे लवकर पोचण्यात काकांचाच फायदा.

29 सप्टेंबर 2024ला स्वारगेट ते सिव्हिल कोर्ट भुयारी मेट्रो सुरू झाली. अंगारकीच्या संध्याकाळी हातात एखादीच पिशवी असेल, तर शिवाजीनगरपर्यंत मेट्रोने जा आणि पुढे रिक्षा करा. बॅगा असतील तर स्वारगेटहूनच रिक्षा घ्या. मग चालकाने टिळक रोड धरला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.