पंडिता रमाबाईंचा भरवसा

‘देवाच्या हाती सगळं आहे’ हे वाक्य पोट भरलेल्यानं म्हणणं सोपं. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ते तपासून पाहता येतं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेले. या कुटुंबानं उपासतापास, दानधर्म, तीर्थयात्रा, काही बाकी ठेवलं नव्हतं. मग रमाबाई भावाबरोबर पायी भटकत राहिल्या. झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला दोघांनी खड्डे खणले आणि डोकं तेवढं वर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. पुढे भाऊ गेला, आणि 1882 साली पतीही.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण धर्मांतरानं दुःख थांबेल असा सौदा त्यांनी देवाशी केलेला दिसत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. देवावर भार टाकणं म्हणजे हात जोडून बसणं, असाही अर्थ त्यांनी काढला नाही. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना रोज होई. विहिरीही खणल्या जात, शेती, विणकाम आणि छापखानाही चाले.

1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी तरीही सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या वारल्या.